वर्धेला हद्द करणारा साहेब आणि त्याचं घर

मागे गडचांदूरच्या बाजारात एका मावशीनं मला थांबवलं आणि विचारलं, "बाई, आमचे जुने लोक आपल्या भागाला मोगलाई म्हणायचे. इथे कुठे मोगल आले होते?" प्रश्न चांगला होता. तेव्हा घाईत होते, म्हणून अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं आज देते.

हैदराबादचा निजाम हा मुळात मोगलांचा दख्खनचा सुभेदार. पुढे तो आपल्या मनानं राज्य करू लागला, पण लोकांच्या तोंडी त्याचा मुलूख मोगलाईच राहिला. आपला कोरपना, राजुरा, माणिकगडाचा डोंगर हे सगळं मोगलाईत. वर्धा ओलांडून बल्लारपूर-चांद्याला गेलं की भोसल्यांचं राज्य आणि नंतर इंग्रजांचं. माझी आजी तिकडची, दिली इकडे. ती सांगायची की नदी ओलांडली की रुपयाचा भाव बदलतो. लहानपणी मला ती गंमत वाटे. पण ते अगदी खरं होतं. इकडे निजामाचा हाली रुपया, तिकडे इंग्रजांचा कलदार, आणि सहा कलदारांसाठी सात हाली मोजावे लागत. माहेरहून आणलेल्या रुपयाची किंमत सासरी वेगळी!

आता वर्धा नदी ही हद्द ठरवली कोणी? एका कागदानं ठरवली. तारीख १७ डिसेंबर १८०३, जागा अचलपूरजवळचं देवगाव. एका बाजूला नागपूरकर रघुजी भोसले, म्हणजे दुसरे रघुजी, यांचे वकील यशवंतराव रामचंद्र. दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा एक ३४ वर्षांचा सेनापती, आर्थर वेलस्ली. पुढे हाच माणूस नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगभर गाजला. शाळेच्या पुस्तकात त्याच्या लढाया असतात, त्याचं घर नसतं. मी आज दोन्ही सांगणार आहे, कारण त्याचं घर आपल्याच मुलखातल्या पैशावर उभं राहिलं.

आर्थरचा जन्म १७६९ चा, आयर्लंडमधला. घराणं इंग्रज जमीनदारांचं. जमीन आयरिश लोकांची, मालक हे. आपल्याकडे मालगुजार असत तसे समजा. बाप गॅरेट हा मॉर्निंग्टनचा अर्ल, म्हणजे मोठा मानकरी, पण जीव सगळा गाण्याबजावण्यात. डब्लिनच्या कॉलेजात तो संगीताचा प्राध्यापक होता. १७८१ मध्ये तो वारला तेव्हा मागे किताब होता आणि कर्ज होतं. आई अ‍ॅन हिच्या पदरी पाच मुलगे आणि एक मुलगी.

त्यांच्याकडे किताब आणि वतन थोरल्यालाच मिळायचं, धाकट्यांनी आपलं बघायचं. थोरला रिचर्ड हुशार, त्याच्यावर सगळ्यांची भिस्त. आर्थर तिसरा. अबोल, अभ्यासात मागे, व्हायोलिन वाजवत बसणारा. पैसे पुरेनात म्हणून आईनं १७८४ मध्ये त्याला मोठ्या नावाजलेल्या शाळेतून काढून घेतलं. हा पोरगा तोफेच्या तोंडी द्यायच्याच कामाचा, असं ती बोलायची म्हणतात. आई असून असं कसं बोलली, असं आपल्याला वाटेल. पण कर्जबाजारी विधवा, सहा लेकरं, आणि मोठ्या घराचा बडेजाव सोडता येत नाही, अशा बाईचं तोंड कडू झालं तर मला तिचं फार नवल वाटत नाही.

मुलगा सैन्यात गेला. त्या काळी इंग्रज सैन्यात वरचे हुद्दे विकत मिळत. रिचर्डकडून उसने पैसे घेऊन आर्थर पायरी पायरी चढला आणि २४ व्या वर्षी लेफ्टनंट कर्नल झाला. त्याच सुमारास, १७९३ मध्ये, त्यानं एका मुलीला मागणी घातली. तिचं नाव कॅथरीन पॅकेनहॅम, घरची हाक किटी. तीही आयर्लंडमधल्या बड्या घरची, हसरी, वाचनाची आवड असलेली. बाप नुकताच वारला होता आणि घरचा कारभार भावाच्या हाती आला होता. भावानं साफ नकार दिला. मुलगा धाकटा, कर्जात बुडालेला, खायला काय घालणार? आपल्या घरातही हेच विचारतात. एवढंच की आपल्याकडे एकर विचारतात, तिकडे पौंड विचारले.

नकार ऐकून आर्थरनं आपली व्हायोलिनं जाळून टाकली. पुन्हा आयुष्यात वाद्य हातात धरलं नाही. १७९६ मध्ये तो हिंदुस्थानात यायला निघाला आणि १७९७ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याला उतरला. वर्षभरानं थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला, धाकटा हेन्री त्याचा चिटणीस म्हणून आला. एका घरातले तीन भाऊ इथे कारभार करू लागले. कंपनी सरकारात योग्यता बघत, पण ओळखीचा भाऊ वर बसला असेल तर योग्यता लवकर दिसते.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला आणि आर्थर तिथला अधिकारी झाला. टिपूच्या तुरुंगातून धोंडिया वाघ सुटला होता. हा चन्नगिरीच्या मराठा घराण्यातला, बेडर माणूस. त्यानं फौज जमवून इंग्रजांना वर्षभर पळवलं. १० सप्टेंबर १८०० ला तो लढाईत पडला. त्याच्या सामानसुमानात शिपायांना एक चारेक वर्षांचा मुलगा सापडला, सलाबत खान नावाचा, धोंडियाचा मुलगा. आर्थरनं त्या पोराला आपल्या तंबूत ठेवलं, वाढवलं, आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या पालनपोषणासाठी पैसे ठेवून गेला. मुलगा मोठा होऊन म्हैसूरच्या राजाच्या नोकरीत लागला आणि १८२२ मध्ये पटकीनं वारला. बाप मारायचा आणि लेकरू सांभाळायचं, हे कसं जमलं असेल ते तोच जाणे. पण त्या पोराला जवळ केलं, हे त्याच्या खात्यात लिहायलाच हवं.

आता १८०३. पेशवा दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. शिंदे आणि नागपूरकर भोसले एकत्र आले आणि युद्ध पेटलं. ऑगस्टमध्ये वेलस्लीनं अहमदनगरचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ मोठी गाठ पडली. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मध्ये मराठ्यांची फौज, शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीजवळ लढायला साडेचार हजारांच्या आसपास माणसं. मधे नदी, आणि वाटाडे सांगत होते की इथे उतार नाही. त्यानं पाहिलं की दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत. तो म्हणाला, समोरासमोर गावं असतील तर मधे उतार असणारच. माणूस धाडून बघितलं, उतार निघाला. त्यातूनच फौज पार झाली आणि त्यानं लढाई जिंकली.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं, आपल्यातली कोणतीही बाई हे सांगू शकली असती. पैनगंगेच्या दोन काठांवर दोन गावं असली की एकीची सून दुसरीची लेक असतेच, आणि ती काही उडून येत नाही. त्याला मात्र या एका तर्कासाठी जगानं डोक्यावर घेतलं.

पण ही लढाई त्याला जड गेली. त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. त्याच्या खालचे दोन घोडे गेले. रात्री तो गुडघ्यांत डोकं घालून कितीतरी वेळ बसून राहिला, असं त्याच्या बरोबरच्यांनी लिहून ठेवलंय. आणखी एक गोष्ट जाता जाता सांगते. शिंद्यांच्या बाजूनं सरधनाच्या बेगम समरूच्या पलटणीही असईला होत्या. उत्तरेतली ही बाई स्वतः फौज बाळगून होती आणि जहागीर चालवत होती. तिच्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

नोव्हेंबरच्या २९ तारखेला वऱ्हाडात आडगावला भोसल्यांचा पराभव झाला. मग राहिला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड. १५ डिसेंबरला इंग्रज तट चढून आत शिरले. किल्लेदार बेनीसिंग रजपूत होता. तो लढत मेला, पण त्याआधी घरातल्या बाया शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांना मारून टाकायचा हुकूम देऊन गेला. वार करणाऱ्यांच्या हातून ते काम पुरं झालं नाही. काही बाया मेल्या, बाकीच्या जखमी होऊन पडल्या होत्या. वेलस्ली स्वतः तिथे गेला आणि त्यांना कोणी त्रास देऊ नये असा बंदोबस्त केला. त्या बायांची नावं मला कुठेच मिळाली नाहीत. किल्लेदाराचं नाव आहे, सेनापतीचं आहे, पलटणींचे नंबरसुद्धा आहेत.

दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक आणि बालासोर दिलं आणि वर्धेच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख सोडला. तोवर वऱ्हाडात दोअमली चाले. गाव एकच, पण वसुलीला निजामाचाही माणूस यायचा आणि भोसल्यांचाही. ती बंद झाली. तहात लिहिलं की भोसले आणि निजाम यांच्यातली हद्द वर्धा नदी, डोंगरातून निघाल्यापासून गोदावरीला मिळेपर्यंत. आता तुम्ही सांगा, वर्धा कधी गोदावरीला मिळते का? ती वैनगंगेला मिळते, तिथून पुढे प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. सिरोंच्याच्या एखाद्या बाईला विचारलं असतं तर तिनं दुरुस्ती करून दिली असती. पण रेघ तशीच पडली. आजही खाली प्राणहितेच्या अल्याड गडचिरोली आणि पल्याड तेलंगणा आहे. काही अंशी तीच रेघ अजून चालू आहे म्हणायची.

वर कोरपन्याचं दुखणं दुप्पट झालं. १८५३ मध्ये निजामाला फौजेचं कर्ज फेडता येईना म्हणून इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. त्याच वर्षी नागपूरचे भोसले निपुत्रिक वारले आणि ते राज्यही पुढे इंग्रजांकडे गेलं. म्हणजे वर्धेपलीकडे चांदा इंग्रजी, पैनगंगेपलीकडे वणी इंग्रजी, आणि दोन नद्यांच्या बेचक्यात आपण मोगलाईत. वढ्याच्या संगमावर जत्रेला जायचं तरी दुसऱ्या राज्यात जाणं झालं. माल नदीपार नेला-आणला की निजामाच्या करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. दप्तर आधी फारशीत, मग उर्दूत.

निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं. तेव्हा राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि कोरपना त्यातच. १९५६ मध्ये भाषेप्रमाणे राज्यं झाली, तेव्हा आपल्याला मुंबई राज्यात घातलं, पण जिल्हा दिला नांदेड. इथून नांदेड केवढं लांब! अखेर १९५९ मध्ये आपण चांदा जिल्ह्यात आलो. जिवतीच्या डोंगरातल्या १४ गावांचा तेलंगणाशी असलेला वाद अजून मिटलेला नाही. तिथल्या बाया दोन्ही राज्यांत मतदान करतात आणि दोन्हीकडचं रेशनकार्ड जपून ठेवतात.

म्हणून एक विनंती मधेच करते. घरच्या पेटीत सासऱ्यांच्या वेळचा उर्दू कागद असेल, तर वाचता येत नाही म्हणून तो चुलीत घालू नका. अनुसूचित जाती-जमातीच्या दाखल्याला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. वनहक्काच्या दाव्यात आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. नदीपलीकडच्या बाईचे जुने कागद मराठीत निघतात, आपले उर्दूत निघतात, एवढाच फरक. गटाच्या बैठकीत ते आणा, वाचून देणारा माणूस आपण शोधू.

आता साहेबाच्या घराकडे वळू. १८०५ मध्ये तो हिंदुस्थानातून परत गेला तेव्हा त्याच्याजवळ ४२ हजार पौंडांच्या आसपास रक्कम जमली होती. त्यातला मोठा भाग लढाईतल्या लुटीच्या वाटणीचा. जिंकलेल्या किल्ल्यातला खजिना आणि माल विकून हुद्द्याप्रमाणे वाटून घ्यायची रीत होती. बारा वर्षांपूर्वी ज्याला 'खायला काय घालणार' म्हणून परत पाठवलं, तो आता सर आर्थर होता, किताबवाला आणि पैसेवाला. किटीच्या घरचा नकार आपोआप गळून पडला.

आणि किटीचं काय झालं होतं? मधल्या काळात तिचं दुसरीकडे जमत आलं होतं. पण आर्थर अजून तिची आठवण काढतो, असं एका मैत्रिणीकडून कळलं आणि तिनं ते मोडलं. त्या ओढाताणीत ती आजारी पडली, वाळली, चेहऱ्यावरचं हसू गेलं. आर्थरनं तिला न भेटताच पत्रानं मागणी घातली. तिनं कळवलं की मी पूर्वीसारखी राहिले नाही, आधी बघून घे. त्यानं ऐकलं नाही. १० एप्रिल १८०६ ला डब्लिनला लग्न लागलं. लावणारा भटजी म्हणजे त्याचाच पाद्री भाऊ जेराल्ड. बायकोला बघून नवऱ्याचा चेहरा पडला, असं सांगतात. आठवड्याभरात तो नोकरीवर निघून गेला आणि बायकोला मागून दिरानं पोचवलं.

मला नेहमी वाटतं, त्यानं लग्न केलं ते किटीशी की त्या जुन्या नकाराशी? बारा वर्षं मनात धरलेली मुलगी वेगळी होती आणि समोर उभी राहिलेली बाई वेगळी. किटीनं निदान आधी सांगितलं तरी.

१८०७ आणि १८०८ मध्ये दोन मुलगे झाले, आर्थर आणि चार्ल्स. मग भांडणाचं कारण निघालं ते हिशेबाचं. घरखर्चाचे पैसे वेळेवर दुकानदारांना गेले नाहीत, देणी तुंबली, आणि किटीनं ते नवऱ्यापासून लपवलं. सैन्याला दाणागोटा मोजून देणाऱ्या माणसाला हे सहन होण्यासारखं नव्हतं. तो जो रागावला, तो राग वर्षानुवर्षं गेला नाही. तिचीही चूक होतीच. पण विचारायची भीती वाटते म्हणूनच बाई लपवते, हे आपल्या गटात कर्जाचा हप्ता थकलेल्या कितीजणींकडून मी ऐकलंय!

१८०९ मध्ये तो स्पेन-पोर्तुगालच्या लढाईवर गेला, तो पाच वर्षं घरी फिरकला नाही. दोन मुलांना तिनं एकटीनं वाढवलं. शिवाय हेन्री दिराचा संसार मोडला, त्याचा मुलगा तिनं सांभाळला. म्हैसूरकडच्या एका अधिकाऱ्याचा मुलगा आर्थरचा धर्मपुत्र होता, त्याला शिकायला विलायतेला पाठवलं, तोही किटीच्याच पदरात पडला. इकडे सलाबत खान तंबूत वाढला होता, तिकडे ही तीन घरांची पोरं एकीच्या अंगणात. तिचं नाव मात्र 'कमी हुशार बायको' म्हणून राहिलं. नवराच चारचौघांत तसं बोलायचा.

१८१४ मध्ये तो ड्यूक झाला, १८ जून १८१५ ला त्यानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, १८२८ मध्ये पंतप्रधान झाला. किटी डचेस झाली, पण मेजवान्यांत ती साध्या कपड्यांत एका कोपऱ्यात बसे, आणि तिकडच्या शहाण्या बाया तिला हसत.

१८३१ च्या वसंतात ती अंथरुणाला खिळली. तेव्हा मात्र तो तिच्याजवळ बसून राहिला. एक दिवस तिनं हात पुढे करून त्याच्या बाहीत बोटं सरकवली. फार वर्षांपूर्वी तिनं त्याला दंडात घालायला एक कडं दिलं होतं, ते आहे का हे तिला बघायचं होतं. कडं तिथेच होतं. पुढे त्यानं एका मैत्रिणीला ही गोष्ट सांगितली आणि म्हणाला की गेल्या वीस वर्षांत तिनं कधीही बघितलं असतं तरी ते सापडलं असतं. यातही त्यानं दोष तिच्याच माथी ठेवला. बाही वर करून दाखवायला त्याला वीस वर्षांत फुरसत झाली नव्हती.

२४ एप्रिलला किटी गेली. त्या दिवसांत लंडनमध्ये मतदानाच्या हक्कावरून रान पेटलं होतं. जास्त पुरुषांना मत मिळावं अशी मागणी होती आणि ड्यूक तिच्या विरोधात ठाम उभा होता. बायांच्या मताचं तर नावच नव्हतं. तिथल्या बायांना पहिलं मत १९१८ मध्ये मिळालं, तेही तीस वर्षांवरच्यांना. २७ एप्रिलला चिडलेला जमाव त्याच्या घरावर चालून आला आणि दगडांनी खिडक्यांच्या काचा फोडल्या. नोकरानं हवेत बार काढला तेव्हा कुठे लोक पांगले. नंतर त्यानं खिडक्यांना लोखंडी झडपा बसवून घेतल्या. दगड पडत होते तेव्हा किटी आतल्या खोलीतच होती, तिला अजून उचलायचं होतं.